आईपासून लपवलेलं दुखणं

माझ्या थोरल्या भावाने आणि मंगरूळपीरच्या एका डॉक्टरने मिळून माझ्या आईला फसवलं. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट.

मी बैलांचा व्यापारी. शेलूबाजारात दुसऱ्यांची जनावरं हाकत सुरुवात केली आणि स्वतःच्या दावणीपर्यंत आलो, ते माणसांचे चेहरे वाचून. बैलाचं वय सांगणारे दात लपवायचे असले की विकणारा तोंडाशी थांबत नाही. शेपटीकडे उभा राहून गप्पा मारतो. आई पोटाच्या दुखण्याने दवाखान्यात होती, तिथे डॉक्टर तसाच उभा राहायचा, तिच्या पायांशी. "पोटाला सूज आहे. कापूस वेचायला घरी जाल." भाऊ लगेच हसायचा. जरा जास्तच. तेव्हा मला ते वाचता आलं नाही.

शेजारच्या खाटेवर एक मुसलमान म्हातारी होती. तिच्याकडे सारखी माणसं येत, तिचा हात हातात घेऊन म्हणत, "खाला, कहा-सुना माफ करना." तीही त्यांची माफी मागायची.

आईने भावाला विचारलं, "हे लोक माफी कायले मागून राह्यले रे?"

"त्यायच्यात रीत हाय, माय. तू डाळिंब खाय."

आईचं एकच अडलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिने घरातले देव नदीत सोडले. इंझोरीच्या मावशीने आपले ठेवले. त्यावरून दोघी बहिणी भांडल्या, त्या पुन्हा बोलल्या नाहीत. आई म्हणायची, "बरी झाली का इंझोरीले जाईन. तिचे देव तिच्यापाशी. पन बोलीन तिच्यासंग."

वेचणीच्या आधीच आई गेली. मावशी आली ती मातीला. तिची समजूत काढताना भाऊ बोलून गेला, "डॉक्टरनं पयलेच सांगतलं होतं, कॅन्सर हाय म्हून."

मी विचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

"तुह्या तोंडाले कुलूप हाय काय? तू मायले सांगतलं असतं."

"सांगतलंच असतं!"

तसाच डॉक्टरकडे गेलो. शेजारच्या म्हातारीचंही दुखणं तेच होतं. तिला सांगितलं, मग आईला का नाही?

"त्यांच्या घरचे सांगा म्हणाले. तुमचे नको म्हणाले. ज्याची त्याची रीत."

बहिणीशी अबोला ठेवून मरायची रीत आमच्यात कधीपासून आली? रीत भावाला विचारली, आईला कोणी विचारलं नाही. देव सोडायचे की ठेवायचे हे जिने स्वतः ठरवलं, तिला स्वतःचं मरण कळू दिलं नाही.

भाऊ अजून आहे, डॉक्टरही आहे. दोघांनी इंझोरीला यावं, मावशीच्या ओट्यावर बसावं आणि तिची बहीण का आली नाही, ते तिला तोंडावर सांगावं.