मागाच्या खड्ड्यातली धामण

गल्लीतल्या मंडळींनो, सकाळच्या भांडणाचं खरं सांगतो. हा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लावीन.

विणताना आम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. त्याच खड्ड्यात महिनाभरापासून एक धामण राहते. ती आल्यापासून उंदरांनी सूत कुरतडलं नाही.

आज शेजारचे गणपतकाका काठी घेऊन थेट आत आले. "नाग आहे तो. माझा नातू इथंच रांगते. बाजूले हो गा."

"धामण आहे जी काका. तिले विष नसते," मी म्हटलं.

"तुले काय माहीत?" त्यांनी काठी उगारली.

माय पुढं आली. ती मागावर बसली, दोन्ही पाय खड्ड्यात सोडले अन् सुताचा धोटा इकडून तिकडं चालवू लागली.

काठी तशीच वर राहिली. मग काका ती खाली करून निघून गेले. मी मनात त्यांले भित्रे म्हटलं.

दुपारी मायनं मले मागावर बसवलं. धामणीले विष नसते, हे मी सकाळपासून दहा जणांले सांगितलं आहे. तरी हा कागद मागावर मांडी घालूनच लिहून राहिलो.

खरं सांगा, तुमचे पाय खाली उतरले असते काय?