उत्तरं जुळवताना

"तुझं काय, तुला इंडियात कोटा आहे. वी हॅव टू ॲक्चुअली स्कोअर."

आरव हसत म्हणाला. तोंडात पिझ्झा होता. खरकट्या बोटाने त्याने माझ्याकडे दाखवलं आणि पुन्हा बॉक्समध्ये हात घातला.

आम्ही ईशाच्या घरी बसलो होतो, दुबईत अल मनखूलला. परीक्षा संपवून थेट तिथेच आलो होतो. अमेरिकन हिस्टरीची परीक्षा. आमची शाळा अमेरिकन, म्हणून इतिहासही अमेरिकेचा. तिकडची मुलं जो पेपर देतात तोच आम्ही दुबईत दिला होता. मे महिना. बाहेर श्वास घेतला तरी छातीत भाजत होतं. आत एसी, गालिचा, आणि आम्ही तिघं उत्तरं जुळवत होतो. ईशा, आरव आणि मी. तिघंही मराठी, तिघंही इथेच वाढलेलो. ईशा आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या वर दोन मजले. केजीपासूनची मैत्रीण.

आधी ऑप्शन्स जुळवले. "बी ना?" "नो यार, सी." मग निबंधावर आलो. गुलामगिरी संपल्यावर काळ्या लोकांच्या आयुष्यात किती बदल झाला, असा प्रश्न होता. तिघांनीही चांगला लिहिला होता. कायदा बदलला, माणसं बदलली नाहीत. वेगळ्या शाळा, वेगळे दरवाजे, पाण्याचे वेगळे नळ. तिघांचेही मुद्दे जुळले. मला खूप बरं वाटलं. टीचर सांगायच्या, शेवटी दुसऱ्या देशाचं उदाहरण जोडा. ईशाने विचारलं, "तू कुठलं जोडलंस?"

मी खुशीत होते. बोलून गेले.

"माझ्या आजोबांचं. त्यांना शाळेत बाहेर बसवायचे. पाटी जमिनीवर ठेवून लांब उभं राहायचं. मग गुरुजी ती काठीने सरळ करून वाचायचे. हात लागू नये म्हणून."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"यू नेव्हर टोल्ड मी," ईशा म्हणाली. जणू मी तिच्याकडून काही चोरलं होतं.

मग आरवने ते कोट्याचं म्हटलं. वर म्हणाला, "ॲन्ड दॅट्स इररेलेव्हंट, बाय द वे. तुझा मार्क गेला."

ईशाची आई, जिला मी काकू म्हणायचे, पन्ह्याचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अगं, आपण असलं काही मानत नाही हं," त्या म्हणाल्या. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

मी पन्हं प्यायले. हसलेसुद्धा. खाली घरी गेले आणि आईला काही बोलले नाही.

आमच्या घरात हे बोलायचं नसतं. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. आडनाव गावावरून घेतलेलं. शेवटी 'कर' असलं की लोक फार खोदत नाहीत. बुद्धाची मूर्ती हॉलमध्ये आहे, पण बुद्ध इथे सगळ्यांच्याच हॉलमध्ये असतो, शोपीस म्हणून. आईने भाषा घासूनपुसून पुण्याची केली होती. "न" आणि "ण" मला तीन वर्षांची असताना पाठ करून घेतले होते.

शनिवारी ईशाकडे सत्यनारायण होता. दर वर्षी प्रसादाचा शिरा आई करायची. "ताई, तुमच्या हाताला चव आहे," असं काकू सगळ्यांसमोर म्हणायच्या. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आईने रवा भाजायला घेतला. घरभर तुपाचा वास. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर काकूंचा मेसेज आला.

"ताई, शिऱ्याचं बाहेर सांगितलंय. तुम्ही उगाच दगदग करू नका. दर्शनाला मात्र नक्की या."

आईने तो वाचला. परत वाचला. गॅस बंद केला.

"तू काय बोललीस तिथे?"

मी सांगितलं. मला वाटलं, मारेल. तिने मारलं नाही. ती ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली.

"कुणी सांगितलं होतं तुला खरं लिहायला?"

संध्याकाळी बाबा आले. ते फुजैराला, तेलाच्या टाक्यांच्या टर्मिनलवर सेफ्टी ऑफिसर. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार घरी. ही नोकरी ईशाच्या बाबांनी शब्द टाकून लावून दिली होती. नोकरीवर व्हिसा. व्हिसावर घर, शाळा, आम्ही. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. इथे वाढलेल्या प्रत्येक मुलाला ते कळतं.

"जाऊ या पूजेला," बाबा म्हणाले. "नेहमीसारखं वागायचं. लोक विसरतात."

"मी येणार नाही."

बाबांनी हात जोडले. माझ्यासमोर. खरोखरच जोडले. टाक्यांवर शेकडो माणसांना हेल्मेट घाला म्हणून ओरडणारा माझा बाप.

मी गेले.

आई नेहमी त्यांच्या घरात शिरली की थेट किचनमध्ये जायची. त्या दिवशी काकू किचनच्या दारातच उभ्या राहिल्या. "बसा ना ताई. आज जरा पाहुण्यासारख्या बसा." आई सोफ्याच्या कडेला बसली. हात मांडीवर. त्या हातांचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं. केटररचा शिरा आला. आईने सगळा खाल्ला. कणही ठेवला नाही. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

आरती झाली. ईशाचे बाबा मोठ्याने म्हणाले, "काय लिहिलं आमच्या अमेरिकन लोकांनी पेपरात?" आरव उभा राहिला. अख्खा निबंध सांगितला. दरवाजे, शाळा, नळ. "इट वॉज डीह्युमनायझिंग, अंकल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "बघा, या वयात किती समज आहे."

पुण्याहून आलेल्या एक आजी माझ्याकडे वळल्या. "आणि ही गं कोण? तू काय लिहिलंस बाळा?"

"तिचं राहू दे," काकू घाईने म्हणाल्या. "ती जरा लाजरी आहे."

मी लाजरी नाही. कधीच नव्हते. ईशाला ते माहीत होतं. तिने मान खाली घालून फोन बघितला.

आईने माझं मनगट धरलं. घट्ट. दाराजवळून बाबा नकारार्थी मान हलवत होते. मी उठले. आईचा हात सुटला नाही, मी सोडवला.

तिथे मुलं मोठ्यांसमोर इंग्लिशच बोलतात. मी मराठीत बोलले.

"मी माझ्या आजोबांचं लिहिलं. गुरुजी त्यांची पाटी काठीने सरकवायचे. कारण आम्ही महार. आता बौद्ध. गेल्या वर्षीपर्यंत या घरातल्या पूजेचा शिरा माझी आई करायची. परवा काकूंना हे कळलं. आज शिरा बाहेरून आला."

शूर वगैरे काही वाटत नव्हतं.

"काहीतरीच काय!" काकू म्हणाल्या. "त्यांना त्रास नको म्हणून मी..." त्यांचे डोळे भरले. मग सगळे त्यांच्याभोवती जमले. त्यांना पाणी दिलं. माझ्या आईकडे कोणी बघितलं नाही.

ईशाचे बाबा माझ्या बाबांना म्हणाले, "जरा समजवा हिला. घरात पूजा आहे."

बाबा खाली वाकून आमच्या चपला शोधू लागले.

लिफ्टमध्ये आई म्हणाली, "बुडवलंस."

काही महिन्यांनी बाबांचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कारण कोणी दिलं नाही. त्या पूजेमुळे झालं की नाही, मला आजही माहीत नाही. विचारणार कोणाला? आई-बाबा अकोल्याला परत गेले. बाबा आता एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्ट करतात. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते. ते फोनवर फक्त विचारतात, "जेवलीस का?"

रिझल्ट त्याआधीच आला होता. आरवला पूर्ण. मला मधलेच. पेपर बघायला मिळत नाही, त्यामुळे आजोबांना मार्क मिळाला की गेला ते कळलं नाही. ईशाशी पुन्हा बोलणं झालं नाही. ती लिफ्टमध्ये असली की फोन कानाला लावायची. पलीकडे कोणी नसायचं.

मी आता इथेच, अल ऐनला युनिव्हर्सिटीत आहे. हॉस्टेलवर. पहिलं सेमिस्टर मी जवळजवळ खोलीतच काढलं. आईचा तो एक शब्द डोक्यातून जात नव्हता. वाटायचं, गप्प बसले असते तर बाबा फुजैराला असते, आई तिच्या ओट्यापाशी असती. एका वाक्यासाठी मी दोन माणसांचं आयुष्य उचलून फेकलं. हे अजूनही वाटतं. जात नाही.

मागच्या महिन्यात मेसमध्ये एक मुंबईची मुलगी भेटली. मराठी ऐकून धावत आली. समोर बसली. दोनचार गोष्टी झाल्या आणि तिने विचारलं, "आडनावात कर, म्हणजे कुठले? आय मीन, तुम्ही कोण?"

मी चमचा खाली ठेवला आणि सांगितलं. सरळ. तिच्या डोळ्यांत बघून.

"ओह. ओके," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेबलावर बसली.

आईला फोनवर सांगितलं. ती रडायला लागली. "तिथे तरी गप्प राहा गं. आता आम्हीही नाही तिथे."

"गप्प राहून तुझं काय वाचलं, आई? एका मेसेजने तर गेलं सगळं."

मी फोन ठेवला नाही, आणि शब्दही मागे घेतला नाही.

घेणार नाही. टेबल रिकामं होऊ दे. मैत्रिणी जाऊ देत. उद्या माझा व्हिसा ज्याच्या हातात असेल त्याने विचारलं, तरी हेच सांगेन. विचारतील त्यांना सांगेन. न विचारता कुजबुजतील, त्यांना त्यांच्या घरात उभं राहून सांगेन. माझ्यामुळे काय काय गेलं ते मला ठाऊक आहे. तरीही सांगेन.