दहीभाताचा डबा

लेकीला कांजिण्या आल्यात, देवीच घरी आली आहे, असं मीच ठरवलं. दोष दुसऱ्या कुणाला देऊ? तिला फिट येते म्हणून नवी गोळी सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. ताप भरला, छातीवर लाल पुरळ उठलं, आणि मी घरातली फोडणी बंद करून तिच्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवला. गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ घड्याळ बघून देत होते. शिस्तीची बाई ना मी! चौथ्या दिवशी तिचे ओठ फुटले, डोळे चिकटले, पाणी गिळवेना. मी हादरले, तरी हट्टानं तिला घेऊन देवीला दहीभात दाखवायला खाडीपलीकडे निघाले.

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या बोटीत शेजारी एक वयस्क मुसलमान बाई बसली होती. ती लेकीकडे बघत राहिली तशी मी पदर आडवा धरला. दृष्ट लागेल, हेच डोक्यात. ती हळूच म्हणाली, "बाय, पोरीला कसली नवी गोळी चालू हाय काय?"

"फिटची," मी म्हणाले. तिचा चेहराच उतरला.

"माझ्या भावाला असंच झालं व्हतं, मनाच्या आजाराच्या गोळीनं. आमी गोवर समजून बसलो. तो गेला, बाय. तू उतरू नको. याच बोटीनं परत फिर, मोठ्या इस्पितळात जा. गोळीचं पाकीट दाखव."

"आणि देवीचा नैवेद्य?" मी विचारलं. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

"दे माझ्याकडं. मी देवळात पोचवते."

डबा तिच्या हातात देऊन मी बोटीतच बसून राहिले. इस्पितळात डॉक्टरांनी लेकीच्या तोंडातले फोड पाहिले, गोळी कधी सुरू झाली आणि पुरळ कधी उठलं ते दिवस मोजले. "ही औषधाची ॲलर्जी आहे. अजून चार दिवस गोळी दिली असतीत तर..." त्यांनी गोळी बदलली. लेकीची कातडी सोलून निघाली. ती वाचली, पण उजव्या डोळ्यानं तिला आता धूसरच दिसतं. त्या डोळ्यात औषध मी रोज घड्याळ बघून घालते.

दोन महिन्यांनी देवळात गेले. गुरवकाकूंनी आतून माझा स्टीलचा डबा आणून दिला, घासून लख्ख केलेला. "एक मुसलमान बाई पायरीशी घेऊन आली होती. झाकणावर कोरलेलं तुझं नाव माझ्याकडून वाचून घेतलंन, म्हणाली, याच नावानं दाखवा."

शरण जायचं म्हणजे आपला हट्ट देवीच्या पायाशी ठेवायचा, हे मला तोवर कळलंच नव्हतं. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही, काकूंनीही नाही. रोज सांजवात लावते तेव्हा तिच्या गेलेल्या भावासाठी हात जोडते.