हेडली ट्रेम्बाथच्या वाफ्यातले कागद

हेडली ट्रेम्बाथने बायको पसंत केली ती दोन नाचांत. घर पसंत केलं ते एका दुपारी, आणि तेसुद्धा बाहेर सर आली म्हणून आडोशाला शिरला होता तेव्हा. पण डॅफोडिलचे कंद पसंत करायचे म्हटलं की हा गडी एप्रिलमध्ये बसायचा तो थेट ऑगस्टमध्ये उठायचा. कंदवाल्यांच्या याद्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरलेल्या, कानामागे पेन्सिल, आणि थर्झा बिचारी हातात गरम किटली घेऊन जागा शोधत उभी.

"चार महिने!" ती म्हणायची. "माझ्या वेळी चार मिनिटं तरी घेतलीस का रे?"

"तू काय दर वर्षी नव्याने लावायची होतीस?" हेडली मान वर न करता म्हणायचा.

अडतीस वर्षं त्याने आमच्या गावात टपाल वाटलं. कॉर्नवॉलच्या या टोकाला थंडी लवकर पाय काढते आणि मार्चअखेर चॅपलच्या हॉलमध्ये डॅफोडिलचं प्रदर्शन भरतं. त्या दिवशी आमच्याकडे शक्यतो कुणी मरतसुद्धा नाही. 'दुरंगी, तीन देठ' हा तिथल्या स्पर्धेतला गट हेडलीचा. आता दुरंगी म्हणजे आपण साधी माणसं काय समजतो? पाकळ्या पांढऱ्या, मधली वाटी चांगली भगवी, लांबून ओळखू यावी अशी. पण हेडलीला ते कसं चालणार! त्याला पांढऱ्या पाकळीवर फिकट लिंबाच्या रंगाची वाटी लागायची, आणि तीही इतकी फिकट, की फूल नाकाशी नेल्याशिवाय फरक कळू नये.

"रंग कसा, कुजबुजला पाहिजे," असं तो म्हणायचा.

एका वर्षी रंग इतका कुजबुजला की परीक्षकाला ऐकूच आला नाही. त्याने फुलांशेजारी चिठ्ठी ठेवली: 'दुरंगी गटात एकरंगी फुलं. बाद.' हेडली वर्षभर फुगून बसला. प्रदर्शनाच्या चहाला त्याने केशराचा पाव खाल्ला नाही. ज्यांना आमचा केशराचा पाव ठाऊक आहे, त्यांना त्या रागाची कल्पना येईल.

दगडी बांधापलीकडे लव्हडे रोझवार्न राहायची. मासळीचं दुकान चालवणारी, गावातल्या प्रत्येक बाप्याला 'राजा' म्हणणारी, आवाजाने खणखणीत. तिची डॅफोडिलंही तिच्यावरच गेलेली. पांढरीशुभ्र पाकळी आणि मधे भडक भगवी वाटी. वीस वर्षं हेडली रोज सकाळी बांधापाशी थांबून विचारायचा, "काय शेजारीण, आज नाश्त्याला पुन्हा तळलेली अंडीच का?" वीस वर्षं लव्हडे उत्तर द्यायची, "अंडी तर अंडी राजा, निदान दिसतात तरी!"

मग एका फेब्रुवारीत थर्झा कपाच्या बाहेर चहा ओतायला लागली. आधी तिने कपाला नावं ठेवली, मग चष्म्याला. शेवटी दोघं ट्रूरोला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी सरळ सांगितलं, नजरेचा मधला भाग चाललाय. कडा राहतील, मधलं जाईल. पुढच्या मार्चपर्यंत वाचन वगैरे सुटेल. परतीच्या बसमध्ये हेडली वाटभर बसच्या गाद्यांबद्दल बोलत होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचा वाफा फुलला. असा की बघत राहावं, अर्थात नाकाशी नेऊन. थर्झा कपडे वाळत घालायला बाहेर आली, वाफ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "अरे हेडली, तुझ्या वाफ्यात हे कागद कुणी टाकलेत?"

वाफ्यात कागदाचा कपटाही नव्हता.

"वाऱ्याने आले असतील," तो म्हणाला. "थांब, उचलतो." आणि या माणसाने, जो फुलाला पाकोळीसुद्धा शिवू देत नसे, त्याने खाली वाकून बक्षिसासाठी राखलेली सहा फुलं एकेक करून खुडली, आणि कोटाच्या खिशात कोंबली.

"आणि लव्हडेची बघ कशी फुललीत!" बांधापलीकडे बघत थर्झा म्हणाली. "तुझी अजून नाही का?"

"नाही अजून," हेडली म्हणाला. "यंदा उशीर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधापाशी आला, पण नाश्त्याचं विचारेना. लव्हडे कंबरेवर हात ठेवून वाट बघत राहिली.

"काय राजा, जीभ घरी राहिली का?"

"लव्हडे, ती तुझी... ती फुलं. कुठल्या यादीतली?"

"कुठली फुलं?"

"माहीत आहे तुला."

"मला कसं माहीत असणार? माझ्याकडे तर अंडीच आहेत. वीस वर्षं ऐकतेय."

"बरं, अंडी! अंडी हवीत मला!" हेडली ओरडला. "तिला माझी दिसत नाहीत. तुझी दिसतात. पुढच्या मार्चला तिला काहीतरी दिसायला पाहिजे, लव्हडे. बाकी मला काही नको."

लव्हडेची थट्टा तिथेच जिरली. तिने एप्रनला हात पुसले, खरं तर ते ओले नव्हते. "यादीवरून निवडू नकोस," ती म्हणाली. "यादी तू वाचतोस, बघायचंय तिला. प्रदर्शनाला घेऊन ये."

तर त्या वर्षी गावाने एक नवल पाहिलं. हेडली ट्रेम्बाथ प्रदर्शनाला रिकाम्या हाताने आला, आणि बायकोचा दंड धरून टेबलाटेबलाशी उभा राहून चक्क तिचं मत विचारत होता.

"हे कसं वाटतं?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे, नीट... आवडतं ना?"

"तुला काय झालंय?" थर्झा म्हणाली. "चाळीस वर्षांत कधी विचारलं नाहीस."

ती फुलांच्या प्रत्येक बाटलीसमोर उभी राहायची आणि तोंड मात्र भलतीकडेच, म्हणजे खिडकीकडे नाहीतर चहाच्या टेबलाकडे फिरवायची. बाईला कंटाळा आलाय असं हेडलीला वाटायचं. पण मग ती अचानक म्हणायची, "हे घे." पिवळ्या पाकळीचं आणि शेंदरी वाटीचं एक घेतलं. लव्हडेच्या अंड्यांची बहीण शोभेल असं एक घेतलं. पिवळ्या पाकळीच्या, पांढऱ्या वाटीच्या एकापाशी तिने त्याला तीनदा परत नेलं. हेडली पेन्सिलीने नावं लिहून घेत होता. एकूण एक भडक. एकदा तर त्याने डोळेच मिटले, पण लिहिलं.

सप्टेंबरात कंद आले. हेडलीने आपले जुने फिकट कंद सगळे खणून काढले आणि एका गोणीत भरून बांधापलीकडे दिले. मग स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, थर्झाच्या खुर्चीच्या अगदी नाकासमोर, दोरी लावून नवा वाफा केला. हिवाळ्यात थर्झाने वाचन सोडलं, मग विणकाम. हेडली रोज वाफ्यावर जाऊन मातीला दटावायचा, "चला, आटपा."

मार्चमध्ये ती फुलली. उन्हाने भगव्या वाट्या करपतात म्हणून लव्हडेने तीन छत्र्या दिल्या, आणि हेडलीने त्या वाफ्यात रोवल्या. येणारा-जाणारा हसायचा. थर्झाला खुर्चीत बसवून तो धावत बाहेर गेला आणि फुलांमागे उभा राहिला.

थर्झा तोंड फिरवून अंगणातल्या कोळशाच्या खोलीकडे बघत होती.

हेडलीने वाट पाहिली. ती तिकडेच बघत राहिली. वर्षभर नको म्हणून बाजूला ठेवलेलं त्याच्या मनात आलं: उशीर झाला. सगळं गेलं. त्याने जाऊन खिडकी ढकलली.

"थर्झा, तिकडे काय बघतेस? कोळसा आहे तिकडे!"

"ठाऊक आहे मला. नुसतं कोळशाकडे बघितलं की तुझी फुलं दिसतात. सरळ बघितलं की तू आणि ती, दोघंही गायब." ती हसली. "भगवी ती किती छान रे. आणि छत्र्या! माझ्यावर कधी धरली होतीस का छत्री?"

हेडलीने खिडकीची चौकट घट्ट धरली. "मला वाटलं, गेलं सगळं," तो म्हणाला. "फार घाबरलो होतो ग मी. गेलं वर्षभर घाबरलोय."

"माहीत आहे. कोट धुवायला काढला तेव्हा खिशातून सहा कागद निघाले." थर्झाचा हात मांडीवर शांत होता. "कागदाला देठ नसतो, हेडली. बोटांना कळतं तेवढं."

"मग बोलली का नाहीस? प्रदर्शनात तरी?"

"का बोलू? चाळीस वर्षांनी पहिल्यांदा विचारत होतास. म्हटलं, पोटभर निवडून घ्यावं."

तेवढ्यात बांधापलीकडे कान लावून असलेल्या लव्हडेची हाक आली, "हेडली, राजा! तुझे कागद फुललेत इकडे! वास काय सुटलाय!"

"तिला सांग, त्यातले चार खिडकीशी आणून लावणार आहोत," थर्झा म्हणाली. "ते दिसले नाहीत तरी चालेल, वास तर येईल. आणि तू असा मधे नको उभा राहूस. डावीकडे सरक. अजून. अजून थोडा."

हेडली सरकत सरकत कोळशाच्या खोलीच्या भिंतीला टेकला. थर्झाने मान वळवली, तोंड पार दुसरीकडे, बांधाच्या कोपऱ्याकडे.

"हं, आता दिसलास," ती म्हणाली. "अरे, केस किती वाढलेत तुझे. उद्या कापून ये."