त्यागी सरांचं नाक

आमच्या डिपार्टमेंटचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रिजमधल्या उरलेल्या वाट्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक दिवस दार लागेनासं होतं! मग चार मैत्रिणी बसल्या की काढाच बाहेर.

मी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. मेट्रो आणि वर शेअर ऑटो करून गाझियाबादच्या पलीकडच्या एका युनिव्हर्सिटीत ‘अ‍ॅनिमल अँड फूड सायन्स’ शिकायला जायचे. वर्गात मराठी बोलणारी आणखी एकच, उदगीरची निलोफर. म्हैस कोणत्या बाजूने दोहायची हे तिला माहीत होतं आणि मला गोठ्याला ‘तबेला’ म्हणायची सवय होती. त्यामुळे आमची लगेच गट्टी जमली.

*

आमचे हेड, त्यागी सर. ‘प्राण्यांचं वर्तन’ हा विषय ते स्वतः शिकवायचे. पहिल्या फार्म व्हिजिटला आम्ही सगळे गोठ्यात उभे आणि सर गाडीत. काच चार बोटं खाली करून लेक्चर चालू.

डिपार्टमेंटच्या म्हशीने मान वळवून गाडीकडे पाहिलं. काच झटकन वर गेली!

आतून आवाज आला, “नोट करो! ये अग्रेशन है!”

म्हैस रवंथ करत होती.

*

फूड हायजीनच्या कोहली मॅडमचं पहिलं प्रॅक्टिकल होतं ‘हात धुण्याची शास्त्रीय पद्धत’. आम्ही पांढरे कोट घालून बेसिनपुढे रांगेत उभे राहिलो. नळ सोडला तर आधी खाकरल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. टाकी महिनाभर कोरडी होती आणि हे मॅडमसकट सगळ्यांना माहीत होतं.

“कोई बात नहीं,” मॅडम म्हणाल्या. “मान लो पानी आ रहा है!”

आम्ही कोरडेच हात चोळले. सगळ्यांना ए ग्रेड मिळाली. त्यानंतर त्याच हातांनी पनीर बनवायचं प्रॅक्टिकल होतं. मी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये फक्त केळं खाल्लं.

*

निलोफरचा प्रोजेक्ट होता बकरीच्या दुधाचं श्रीखंड. सांगलीकडच्या एका डेअरीत तिची नोकरी पक्की झाली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं, पण त्याआधी पास होणं भाग होतं. मार्क त्यागी सरांच्या हातात! आणि सरांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं.

“बकरी का दूध? यार, मैं दस फुट से बता दूँ! मेरी नाक है नाक!”

श्रीखंड किती दिवस टिकतं हे बघायला तिने लॅबच्या फ्रिजमध्ये डबे ठेवले होते. प्रत्येकावर चिठ्ठी लावली होती, ‘प्रयोग चालू, खाऊ नये’. आठवड्याने उघडले तर सगळे चाटूनपुसून साफ! ऑफिसच्या मंडळींनी पुरीबरोबर हाणलं होतं. ही बिचारी रडकुंडीला येऊन हेडकडे गेली.

सरांनी विचारलं, “कोई बीमार पड़ा?”

“नहीं सर.”

“तो लिख दो, सेफ है! हो गया ना रिसर्च?”

निलोफरने ते लिहिलं नाही. सगळे डबे पुन्हा पहिल्यापासून भरले.

*

पुढे डेंग्यूचा सीझन आला. डेंग्यूवर बकरीचं दूध रामबाण, अशी अख्ख्या दिल्लीची श्रद्धा आहे. आमचं डिपार्टमेंट तर विज्ञानाचं, तरी आमच्या दोन बकऱ्यांपुढे सकाळपासून साहेबांच्या ड्रायव्हरांची रांग! सगळ्यात मोठी बाटली कुणाची? त्यागी सरांची.

“सरांना वास नाही येत का गं आता?” मी विचारलं.

“मच्छर चावला की नाक बंद होतं त्यांचं,” निलोफर म्हणाली. रांग संपल्यावर आचळात जे उरेल त्यावर तिचा प्रोजेक्ट चालला.

*

मग आला फाउंडेशन डे. लंचला मटण होतं. त्यागी सरांनी दोनदा मागून घेतलं आणि फार्मच्या इन्चार्जला विचारलं, “कहाँ से मँगवाया भई? इतना सॉफ्ट!”

“सर, अपने ही फार्म का है.”

“वाह! फार्म टु फोर्क!” म्हणत सरांनी हातात नळी घेऊनच पाच मिनिटं भाषण ठोकलं. टाळ्याही पडल्या.

दुसऱ्या दिवशी निलोफर चारा घेऊन गेली तर दोन्ही खुंट रिकामे. ती तिथेच पाटी टाकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मला तर त्या सगळ्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा इतका संताप आला, की आजही ‘फार्म टु फोर्क’ ऐकलं की डोकं फिरतं.

*

मे महिन्यात व्हायवा आली. निलोफरचं बाकी काम आधीच झालं होतं, उरलं होतं गाय, म्हैस आणि बकरीच्या दुधाचं श्रीखंड परीक्षकांसमोर चाखायला ठेवणं. आमच्याकडे पद्धत अशी, की वाट्यांवर फक्त नंबर टाकायचे. कशात काय आहे ते करणाऱ्यालाच ठाऊक. चाखणाऱ्याने प्रत्येक वाटीला नऊपैकी मार्क द्यायचे.

बाहेरून बकरीचं दूध आणायची परवानगी मागायला ती हेडकडे गेली, सोबत मीही. सर फोनवर बोलत होते.

“बाहर से क्यों? डिपार्टमेंट में बकरियाँ हैं ना!”

“सर, वो तो...”

“नो डिस्कशन! जो डिपार्टमेंट में है, वही यूज़ करो!”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “चल, माझ्या बाबांचे एक मित्र पानिपतला राहतात. त्यांच्या शेजारी बकऱ्या आहेत, उद्या दूध आणू.”

“नको मुग्धा,” ती शांतपणे म्हणाली. “सरांनी सांगितलंय ना, डिपार्टमेंटमध्ये जे आहे तेच वापर म्हणून.”

व्हायवाला बाहेरून एक वयस्कर परीक्षक मॅडम आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी निलोफरची फाइल वाचून काढली, सांगलीच्या नोकरीच्या पत्रासकट. निलोफरने टेबलावर तीन वाट्या मांडल्या.  

सरांनी पहिली वाटी चाखली. “गाय. लाइट है. सात!”

दुसरी चाटून पुसून खाल्ली. “ये भैंस! क्या मलाई है! नौ!”

तिसरी नाकाजवळ नेली आणि तोंड वाकडं केलं. चमचा जिभेला लावला न लावला तोच बेसिनकडे पळाले. चूळ भरायला पाणी नव्हतंच. रुमालाने जीभ पुसत परत आले. “बकरी! मैंने कहा था ना, दस फुट से! वन मार्क! मॅडम, इसे फेल ही समझिए.”

मॅडमनी निलोफरकडे पाहिलं. “बेटा, बकरी वाली यही है?”

“नहीं मॅडम,” निलोफर म्हणाली. “तीनों में एक ही भैंस का दूध है. एक ही पतीले का. बकरियाँ तो सर ने फाउंडेशन डे पर खा लीं.”

सरांनी रुमाल घाईघाईने खिशात कोंबला.

मॅडमनी तिसरी वाटी स्वतःकडे ओढली, सावकाश शेवटच्या चमच्यापर्यंत संपवली आणि रुमालाने ओठ टिपले.

“सांगली में जॉइनिंग कब है, बेटा?”