बंद घरांचे हात

साल दोन हजार चोवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शिक्षण चौथीपर्यंत, तेही वाटेतल्या पऱ्याला, ओढ्याला पाणी आलं की बंद. तरी पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या एकतीस घरांच्या गावकीचा मी सहा वर्षं अध्यक्ष. तीन-तीन वर्षांच्या दोन पाळ्या. त्यापुढे कुणालाच खुर्ची नाही, हा नियम मीच भांडून करून घेतलेला. आधीचे अध्यक्ष अठरा वर्षं बसले होते. दर वेळी म्हणायचे, "लोकांना मीच हवा हाय, मी काय करू?" मी भर सभेत म्हटलं, "तुम्ही उठून तर बघा, मग कळेल लोकांना काय हवं ते." मरेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता मे महिन्यात माझी दुसरी पाळी संपत होती. खरं सांगायचं तर दमलो होतो. झऱ्यावरून येणारी नळाची लाइन दर पावसाळ्यात तुटायची. तिच्या अर्जापायी पोलादपूर, महाड करून चपला झिजल्या. साहेब जेवायला गेले, साहेब मिटिंगला गेले. पण कुणी मला 'आता पुरे' म्हणावं, हेही सोसवत नव्हतं.

सहाणेवर, पालखी टेकते त्या चौथऱ्याभोवती, सभा बसली. चिटणीस म्हणाला, "लाइनीचं काम अर्ध्यावर हाय. हापिसात यांनाच ओळखतात. नियम लोकांनीच केला, लोकच एक पाळी वाढवून देतील." मी नको म्हणालो नाही.

आमच्यात एका घराचा एक हात. घर बंद असेल, माणसं मुंबईला असतील, तर ज्याच्याकडे किल्ली त्यानेच त्या घराचा हात वर करायचा. पाखाडीच्या पायऱ्या कधी झाडायच्या, पूजा कोणत्या वारी, असल्या गोष्टींना ते चालून जायचं. त्या वर्षी नऊ घरं उघडलीच नव्हती, आणि नऊच्या नऊ किल्ल्या माझ्याकडे.

हात वर झाले. माझाही झाला, सवयीने. चिटणीसाने मोजलं. "अध्यक्षांचे दहा, बाकीचे नऊ. झाले एकोणीस. विरोधात बारा. ठराव मंजूर."

माझी चुलत वहिनी, ऐंशीची, पाय पसरून बसली होती. म्हणाली, "भावोजी, माझा पोरगा मला बिरवाडीला बोलावतोय. उद्या माझं घर बंद झालं म्हंजे माझा हात पण तुमच्याच खांद्याला का?"

लोक हसले. मी चिडलो. "वयनी, पाळी लोकांनी दिली. मी मागितली नाय."

"लोकांनी नऊ दिले. बाकीचे तुमचे तुम्ही घेतलेत."

"माझ्या कामात काय खोट दिसली, ते सांगा."

"खोट कसली? थकलात तुम्ही. तोंडावर सांगायला कुणाला जमत नाय, म्हणून तर तो नियम होता."

ठराव मंजूरच राहिला. घरी आलो, खुंटीवरच्या त्या नऊ किल्ल्या दिसल्या. लोकांना पाळी वाढवून द्यायची असेल तर द्यावी, तो त्यांचा हक्क, असं मला आजही वाटतं. पण मुंबईतल्या त्या नऊ घरांना मी विचारलंच कुठे होतं? त्यांनी मला कुलूप सांभाळायला किल्ली दिली होती, खुर्ची सांभाळायला नाही. आणि मी मात्र अठरा वर्षांवाल्याला शिकवायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिटणीसाच्या घरी गेलो, गावकीची वही मागितली. ठरावाखाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, बंद घरांचे नऊ हात रद्द. बाजूने दहा, विरोधात बारा. ठराव पडला.

चिटणीस म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. कोण विचारतंय?"

"वयनीने विचारलं," म्हटलं, आणि सही करून लाइनीच्या अर्जांची पिशवी त्याच्या ओटीवर ठेवून आलो.