दोन चाव्या आणि माझं 'ठीक आहे'

गेल्या मंगळवारी दुपारी परागचा फोन आला. "काढलं रे मला," आधी एवढंच म्हणाला... मग काय काय झालं ते सांगितलं.

मी तेव्हा मालवणच्या बंदरात होड्यांचे रंग बघत उगाच बसलो होतो. तसा मी कुठेही उगाचच बसलेला असतो. डिप्लोमा अर्धवट सोडला, गोवा, हंपी, कुठे कुठे भटकलो... आणि आता आचऱ्याच्या पुढे एका वाडीत आईच्या लांबच्या काकांकडे, तात्यांकडे राहतो. नेट बरं असेल तेव्हा लोकांचा कोड तपासून देतो.

पराग माझा जुना मित्र, पुण्यात एका छोट्या कंपनीत होता; तिथला कोडही अधूनमधून मी तपासायचो. पहिलीच नोकरी, अजून पक्की न झालेली. शीतगृहातलं तापमान मोजणारं त्यांचं एक यंत्र आहे. त्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेन्सरशी बोलणाऱ्या कोडमध्ये, दोन लॉक, म्हणजे एका वेळी एकाच कामाला आत सोडणारी कुलपं, होती... एक सेन्सरचं, एक आकड्यांच्या रांगेचं. काम करायचं तर दोन्ही हातात हवीत, आणि नेहमी आधी सेन्सरचं, मगच रांगेचं.

कोड जुना, गचाळ. परागने तो साफ केला. त्याच त्याच ओळी काढून टाकल्या, वाचताना बरं वाटावं इतका नेटका केला. तपासायला मला पाठवताना खाली लिहिलं होतं, 'तिसरं फंक्शन जरा नीट बघ, तिथे मला खात्री नाही.'

मी दोन फंक्शनं बघितली. तेवढ्यात किनाऱ्यावरून हाका आल्या... रापणीचं जाळं ओढायला घेतलं होतं. अख्खी वाडी दोराला लागलेली असताना मी काय लॅपटॉपसमोर बसणार? 'बघितलं, ठीक आहे' असं लिहिलं, खाली माझं नाव टाकलं आणि पळालो. त्या दिवशी बांगडा भरपूर मिळाला, तेही आठवतंय.

तिसऱ्या फंक्शनमध्ये चार ओळी वाचवायला परागने रांगेचं लॉक आधी घेतलं होतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण दोन कामं एकाच क्षणी आली, की एकाच्या हातात एक लॉक, दुसऱ्याच्या हातात दुसरं... आणि दोघंही समोरच्याची वाट बघत उभे. कायमचे.

चाचणीत ते एकदाही झालं नाही. गिऱ्हाइकाकडे झालं. यंत्र अडकलं, स्क्रीनवर जुनाच आकडा दिसत राहिला, आणि आतला माल खराब झाला.

कंपनीने कोड कुणी लिहिला ते बघितलं. तपासला कुणी, हे कुणीच विचारलं नाही. आणि परागनेही सांगितलं नाही... फोनवर मलासुद्धा त्याने त्याबद्दल एक शब्द सुनावला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो तर तात्या खळ्यात, म्हणजे अंगणात, सुंभाची दोरी वळत बसले होते. "काय रे मेल्या, तोंड कित्याक पाडलंस? कोण मेलो काय?"

सगळं सांगितलं. कोड त्यांना कसा समजवायचा... म्हणून त्यांच्या पुढ्यातल्याच दोन दोऱ्या घेऊन, ही एक, ही दुसरी, असं करत सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"ह्या आमच्या देवळात झालेला आसा," ते म्हणाले. "साठ वर्सां झाली."

वाडीच्या देवळात देवाचे चांदीचे मुखवटे एका पेटीत असतात. पेटीला दोन कुलपं. एक चावी टेंबावरच्या, म्हणजे टेकाडावरच्या, मोठ्या घरात, दुसरी खाली गुरवाकडे. जत्रेला चाव्या आणायचा मान तात्यांच्या घराचा, आणि रीत ठरलेली... आधी टेंब चढायचा, मगच गुरवाचं दार.

त्या वर्षी तात्यांच्या वडिलांनी एक फेरी वाचवली. गुरवाचं घर वाटेतच, म्हणून त्याची चावी आधी घेतली. तिकडे वाट बघून कंटाळलेला मोठ्या घरचा माणूस आपली चावी घेऊन खाली उतरला आणि वाटेत दोघं समोरासमोर आले. आमच्याआधी गुरवाकडे गेलासच कसा, ती चावी आधी इकडे दे, असं तो म्हणाला. चाव्या आणायचा मान आमचा, आधी तुझी दे, असं तात्यांचे वडील म्हणाले.

कुणीच दिली नाही. तीन जत्रा पेटी बंद राहिली.

"आणि नाव कोणाचा खराब झाला? गुरवाचा. टेंबावरची चावी येवच्या आधी तुया दिलंसच कशी, म्हणान. शेवटी दाराक कुलूप लावन मुंबैक गेलो तो. परत इलो नाय."

तात्या दोरीकडे बघत होते. "गुरवान विचारलेल्यान, वर जावन इलंस मा? माझ्या बापाशीन सांगितल्यान, होय, इलंय."

"मग नंतर तरी सांगितलं नाही त्यांनी?"

"गप रवलो. मरेसर गप रवलो. माका आवशीन सांगितल्यान, तो गेल्यार."

मी आत जाऊन कंपनीच्या साहेबांना मेल लिहिला. तपासणारा मी होतो, परागने नेमकी तीच जागा दाखवली होती, ती मी न बघताच ठीक आहे म्हटलं. कॉपी परागला.

साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'नोंद घेतली.' परागला परत घेतलं नाही. मलाही तिथून आता काम येत नाही, ते बरोबरच आहे. काल परागचा मेसेज आला... 'उशीर केलास. पण आईला दाखवला तुझा मेल.'

हे सगळं लिहू का, असं तात्यांना विचारलं. हातातला पीळ आधी पुरा केला. मग म्हणाले, "लिही. गुरवाचो नातू-पणतू मुंबैत खंय तरी आसतलो. चूक आमच्या घराची होती, तितक्या मात्र नीट लिही."

म्हणून लिहिलं. या वेळी शेवटपर्यंत वाचून, मगच टाकतोय...